काउंटीवार निकालाचा लाल-निळा नकाशा: बाबांना काय सांगू?

पिंपळपान_एनजे
मंडळी, प्रश्न जरा बाळबोध वाटेल पण विचारतेच. ५ नोव्हेंबर २०२४, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची रात्र, आमच्याकडे टीव्ही चालू होता. बाबा सध्या इकडे आलेत. तलाठी म्हणून रिटायर झालेला माणूस, जन्मभर इलेक्शन ड्युटी केलेली, त्यामुळे निकालाची रात्र म्हणजे त्यांना दिवाळी. तर तो मोठ्ठा नकाशा आला, एकेक काउंटी (राज्याच्या आतला, आपल्या जिल्ह्यासारखा भाग) रंगवलेली, लाल म्हणजे ट्रम्पचे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक. सगळीकडे लालच लाल आणि कडेकडेला निळे शिंतोडे. बाबा म्हणाले, "हा तर एकतर्फी मामला दिसतोय, मग हे काट्याची लढत काय म्हणतायत?" मी म्हटलं बाबा, त्या लाल भागात माणसं कमी राहतात. त्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्हणजे हे सातबारा दाखवतायत. मतदार यादी कुठाय?"
इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाले, अध्यक्ष जर राज्यांच्या हिशोबाने ठरतो तर काउंटीवार दाखवतातच कशाला? त्यातून कळतं काय? माझी बोलती बंद. तुम्ही बघता का हे आकडे? (पार्टीवरून हाणामारी नको प्लीज, त्यासाठी दुसरे चार धागे चालू आहेत.)

टिंगलटवाळ
शीर्षक वाचून काउंटी क्रिकेटचा धागा समजून आलो. यॉर्कशायर कुठल्या रंगात आहे?

राजाभाऊ_टेक्सास
टवाळराव, बसा खाली.
ताई, बाबांचा सातबारा फार आवडला, चोरणार. आमच्याकडे पश्चिम टेक्सासात लव्हिंग नावाची काउंटी आहे. नाव प्रेमळ, बाकी सगळं तेल, धूळ आणि वारा. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४. हो, चौसष्ट. पुढे हजार नाही. त्याच वर्षी अध्यक्षपदासाठी तिथे मतं पडली ६६. ट्रम्प ६०, बायडन ४, इतर २. आणि नकाशावर ही काउंटी मुंबई शहर अधिक उपनगर यांच्या जवळपास तिप्पट जागा अडवून बसलीय, लालभडक. बाबांना ही एकच काउंटी दाखवा, बाकी काही सांगायला लागणार नाही.

झणझणीत_ठेचा
६४ माणसं आणि ६६ मतं? आमच्या गावाकडे याला वेगळा शब्द आहे :)

राजाभाऊ_टेक्सास
ठेचासाहेब, जनगणना एप्रिलची, मतदान नोव्हेंबरचं, एवढा फरक तसाही पडतो. शिवाय जमीन तिथे, घरदार दुसऱ्या गावाला आणि मतदार नोंदणी मात्र तिथेच, असेही लोक आहेत, त्यावरून तिथे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. कोकणातले मुंबईकर गणपतीला येतात आणि ग्रामपंचायतीला पण येतात ना, तसंच धरा.

बोरूबहाद्दर
मला त्या ४ बायडनवाल्यांची काळजी वाटते. ६६ मतांत कोण कुठे गेलं हे दुकानात चहा पिता पिता कळत असणार. गुप्त मतदान वगैरे ठीक आहे, पण निकाल इतक्या छोट्या तुकड्यात जाहीर केला की गुपित राहतं कुठे.

सडेतोड_७४
मी वेगळं बोलणार आहे, राग आला तर येऊ दे. २०२० ला बायडनने तीन हजारांहून जास्त काउंट्यांपैकी पाचशेच्या थोड्या वर जिंकल्या. ट्रम्पने अडीच हजारांच्या वर. आणि तरी बायडन ७० लाख मतांनी पुढे? हे पटतं का कुणाला? देशाचा एवढा मोठा भाग एका बाजूला आणि पाच-पंचवीस शहरं दुसऱ्या बाजूला, आणि शहरं जिंकली. मग गावाकडच्या माणसाने मत टाकायचं कशाला?

बॅटरी_लो
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पिंपळपान_एनजे
सडेतोड, म्हटलं होतं ना हाणामारी नको :( पण आमच्या बाबांनी अगदी हेच विचारलं, त्यामुळे उत्तर मलाही हवंय.

मोजपट्टी
सडेतोडराव, तुमचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. काउंटी हे काही एकसारखं माप नाही. लॉस एंजेलिस ही एकच काउंटी घ्या, लोकसंख्या साधारण एक कोटी. तिथे २०२० ला बायडनला ३० लाखांवर मतं पडली. पण गंमत पुढे आहे. ट्रम्प तिथे सपाटून हरले, तरी त्यांना तिथे ११ लाख ४५ हजार मतं पडली. ओक्लाहोमा हे अख्खं राज्य, ७७ च्या ७७ काउंट्या लाल, आणि तिथे ट्रम्पची मतं १० लाख २० हजार. म्हणजे ट्रम्पचे मतदार एका निळ्या काउंटीत जास्त आणि एका लालचुटुक राज्यात कमी! नकाशाने तुमच्याच माणसांना गायब केलंय हो. लॉस एंजेलिसमधले ११ लाख रिपब्लिकन त्या निळ्या रंगाखाली गाडलेत आणि तुम्ही त्याच नकाशाचा दाखला देताय.

सडेतोड_७४
ओक्लाहोमाचं माहीत नव्हतं, मान्य. पण गावांना किंमत उरत नाही हा मुद्दा राहतोच.

खान्देशी_भरीत
काउंटी म्हटलं की मला आमचं धुळं आठवतं. २०२४ ची लोकसभा. सहा विधानसभा क्षेत्रं, पाचात भाजपचे भामरे पुढे. सहावं मालेगाव मध्य, तिथे काँग्रेसच्या बच्छाव बाईंना एक लाख नव्वद हजारांच्या वर लीड. शेवटी बाई ३,८३१ मतांनी निवडून आल्या. कोणी कोणाला का मत दिलं त्यात मला जायचं नाही, त्यावर गावात वर्षभर डोकी फुटायची बाकी होती. पण नकाशा रंगवा बघू: पाच खण एका रंगाचे, एक दुसऱ्या, आणि जिंकला तो एकटा. माझ्या मामाला अजून पटत नाही. "पाच पोरं पास झाली आणि वर्ग नापास?" असं म्हणतो.

टिंगलटवाळ
मामा मास्तर असणार.

वाचनमात्र_वकील
सडेतोड, तुम्ही म्हणताय तसं काउंटी मोजून निकाल लावायची पद्धत अमेरिकेत खरंच होती! जॉर्जियात. तिथे १५९ काउंट्या आहेत, आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मतं नाही, काउंटीची युनिटं मोजायचे. सगळ्यात मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिटं, पुढच्या ३० ना ४, उरलेल्या १२१ ना २. म्हणजे अटलांटावाली फुल्टन काउंटी, लाखो माणसं, तिची युनिटं ६, आणि कुठल्यातरी आडबाजूच्या तीन चिमुकल्या काउंट्यांची मिळून पण ६. त्या काळी तिथे प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यात जमा. अर्थात शहरातल्या माणसाचं, त्यातही काळ्या माणसाचं मत कवडीमोल. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने हे मोडीत काढलं, ग्रे विरुद्ध सँडर्स, 'एक व्यक्ती, एक मत' तिथून गाजलं. तेव्हा गावांना किंमत नाही म्हणताना, ज्या काळात गावांना जास्त किंमत होती त्याचाही हिशोब बघायला हवा.
अवांतर: जॉर्जियात एवढ्या काउंट्या का, तर शेतकऱ्याला खेचरावर बसून काउंटीच्या गावी जाऊन एका दिवसात परत येता यावं म्हणून, असं तिथे सांगतात. खरंखोटं खेचराला माहीत.

झणझणीत_ठेचा
तलाठी जागेवर भेटेल याची गॅरंटी खेचराला पण नाही.

पिंपळपान_एनजे
ठेचा, माझे बाबा वाचतायत हां हे :)

झणझणीत_ठेचा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). बाबा, नमस्कार करतो.

चिठ्ठीवाली_पेन्सिल्व्हेनिया
मी एरवी वाचते फक्त, पण हा माझा विषय आहे. नागरिकत्व मिळाल्यापासून दोनदा मतदान केंद्रावर काम केलंय, आमच्या काउंटीत. बाबांचा प्रश्न की काउंटीवार दाखवतातच कशाला, तर सोपं उत्तर असं की निवडणूक घेते काउंटीच. आपल्याकडे एक निवडणूक आयोग, एकच यंत्र, एकच पद्धत सगळ्या देशात. इथे तसं काहीच नाही. मतपत्रिका छापणं, यंत्रं घेणं, केंद्रावर माणसं नेमणं, टपालाची पाकिटं फोडणं, मोजणं आणि शेवटी निकालावर सही करणं, सगळं काउंटी करते (आणि न्यू इंग्लंडकडे तर गावागावात). राज्य फक्त बेरीज करतं म्हणा ना. टीव्हीवाल्यांकडे आकडा काउंटीकडून येतो म्हणून काउंटीवार दिसतो.
त्यात आमच्या राज्याचा कायदा असा की टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायला बंदी. २०२० ला करोनामुळे टपाली मतं लाखांनी आली, ती फोडायलाच दिवस गेले. रात्री ट्रम्प आमच्या राज्यात जवळपास सात लाखांनी पुढे दिसत होते, शेवटी बायडन ८० हजारांनी जिंकले. लोक म्हणाले रात्रीतून मतं आली. अहो आली कुठून, आधीपासून तिथेच पडून होती, पाकिटं फोडायला हात कमी. फ्लोरिडात आधीपासून पाकिटं तपासून ठेवायची मुभा आहे, त्यांचा निकाल रात्री जेवणं व्हायच्या आत येतो.
आणि आमच्याकडे पाकिटात पाकीट असतं. आतलं गुप्ततेचं, बाहेरचं सहीचं. आतलं पाकीट विसरून मतपत्रिका नुसतीच पाठवली तर तिला 'नेकेड बॅलट' म्हणतात आणि मत बाद. मागच्या खेपेला एक आजोबा आले, म्हणाले माझी बायको म्हणते माझं मत नागडं गेलंय, आता काय करू. मी पाच मिनिटं सरळ चेहरा ठेवून त्यांना प्रोव्हिजनल मतपत्रिकेचा (म्हणजे पडताळणी करून मग मोजायच्या मताचा) फॉर्म दिला, मग मागे जाऊन हसले.

बॅटरी_लो
नागडं मत _/\_ आजचा दिवस सार्थकी.

बोरूबहाद्दर
चिठ्ठीताई, मग अशा तीन हजार ठिकाणी तीन हजार तऱ्हा असतील तर घोळ होणारच की. २००० सालची फ्लोरिडातली पाम बीच काउंटी आठवा, अध्यक्षपदाला बुश विरुद्ध गोर, आणि तिसरा छोट्या पक्षाचा बुकॅनन. मतपत्रिका अशी छापली की नावं दोन्ही पानांवर आणि भोकं मध्ये. गोरला मत द्यायला गेलेल्यांनी बुकॅननचं भोक पाडलं. बुकॅननला त्या काउंटीत ३,४०७ मतं, जिथे त्याला मानणारं फारसं कुणी नव्हतं, त्याने स्वतःही नंतर कबूल केलं की ही बहुतेक माझी नसावीत. आणि फ्लोरिडा बुशने जिंकलं ५३७ मतांनी. एका काउंटीच्या छपाईने जगाचा इतिहास फिरला म्हणायचं.

सडेतोड_७४
आणि मिशिगनची अँट्रिम काउंटी? २०२० ला तिथे यंत्राने ट्रम्पची मतं बायडनला दिली होती. ते का सांगत नाही?

चिठ्ठीवाली_पेन्सिल्व्हेनिया
सांगते की. अँट्रिम कायम रिपब्लिकन काउंटी, आणि रात्री दाखवलं बायडन साधारण ३ हजारांनी पुढे. झालं असं की काही टाउनशिपच्या (काउंटीतल्या छोट्या विभागांच्या) मतपत्रिकेत ऐनवेळी बदल झाला, पण सगळ्या यंत्रांत नवी मांडणी टाकायची राहून गेली. त्यामुळे बेरीज करताना रकाने एक घर सरकले. एका मार्कशीटवर दुसऱ्याचे गुण, असं. कागदी मतं जागेवरच होती. दुसऱ्या दिवशी चूक पकडली, ट्रम्प तिथे ३ हजारांच्या बऱ्याच वर फरकाने जिंकलेले. डिसेंबरमध्ये सगळे कागद हाताने मोजले, आधीच्या आकड्यात फरक पडला १२ मतांचा. चूक काउंटीच्या आकड्यामुळेच पकडली गेली हो! नुसता राज्याचा गठ्ठा आकडा असता तर ती कुणाच्या लक्षात आली असती? तिथल्या लोकांना आपली काउंटी माहीत होती, बघताक्षणी म्हणाले हे शक्यच नाही.

मोजपट्टी
+१. बाबांना हे पहिलं उत्तर द्या ताई.

टिंगलटवाळ
ते 'ज्या काउंटीचा निकाल तोच देशाचा निकाल' असं काहीतरी असतं ना? आमच्या ऑफिसात एक गोरा दर चार वर्षांनी सांगतो.

मोजपट्टी
असतं ना, होतं म्हणा. इंडियानातली व्हिगो काउंटी १९५६ पासून २०१६ पर्यंत दर वेळी जिंकणाऱ्याच्या बाजूने. न्यू मेक्सिकोतली व्हॅलेन्सिया १९५२ पासून. दोघी २०२० ला आपटल्या. मग वॉशिंग्टन राज्यातल्या क्लॅलमचा गवगवा झाला, १९८० पासून बरोबर, २०२० ला पण बरोबर. २०२४ ला तीही हरलेल्या कमला हॅरिसकडे गेली आणि बाद झाली. पत्रकार मंडळी तिथल्या कॅफेत जाऊन ऑम्लेट खात म्हाताऱ्यांना विचारायची, काय वाटतं यंदा. अहो तीन हजार काउंट्या आहेत, तीन हजार माणसांना नाणं उडवायला लावलं तर कुणीतरी सलग दहा वेळा बरोबर येणारच. त्याच्या अंगात आलंय असं नाही.

प्रा_काळीमाती
म्हणजे आमच्या बुलढाण्यातली भेंडवळची घटमांडणी आणि व्हिगो काउंटी एकाच माळेचे मणी. भेंडवळला निदान पीकपाण्याचं पण सांगतात.
मी यवतमाळचा, सध्या अलाबामात मातीवर काम करतो, म्हणून या नकाशातला माझा आवडता भाग सांगतो. दक्षिणेकडची राज्यं लाल आहेत, पण नीट बघा, मिसिसिपीपासून अलाबामा, जॉर्जियातून जाणारा निळ्या काउंट्यांचा एक वाकडा पट्टा दिसेल, चंद्रकोरीसारखा. तिथे एकही मोठं शहर नसेल असे भाग आहेत, शेतंच शेतं, तरी निळं. का? तर साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा किनारा तिथून जात होता. त्या समुद्रातल्या बारक्या जिवांचा खडू साचला, खडूवर काळी सुपीक माती झाली, त्या मातीत कापूस पिकला, कापसासाठी गुलाम आणले, त्यांचे वंशज अजून त्या काउंट्यांत बहुसंख्येने राहतात, आणि ते डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. या पट्ट्याचं नावच 'ब्लॅक बेल्ट', आणि ते नाव आधी मातीवरून पडलं. सातबारा आणि मतदार यादी वेगळी असते हे तलाठीकाकांचं खरं, पण इथे सातबाऱ्यानेच मतदार यादी लिहिलीय.

खान्देशी_भरीत
आई शप्पत. प्राध्यापक, हे एकदम भारी. आपली काळी माती पण अशीच का?

प्रा_काळीमाती
नाही, आपली ज्वालामुखीची, दख्खनच्या बेसाल्टची, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. रंग तोच, गोत्र वेगळं. पण दोन्ही मातींची सोयरीक एकदा झाली. १८६१ ला इथे यादवी युद्ध पेटलं, या पट्ट्यातला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मग मँचेस्टरवाले वऱ्हाड-खान्देशाच्या कापसामागे लागले. भाव आभाळाला. मुंबईत पैशाचा पाऊस. १८६५ ला युद्ध संपलं आणि एका फटक्यात सगळं कोसळलं.

बॅटरी_लो
धाग्याचं यवतमाळ झालं. आवडलं पण.

सडेतोड_७४
विषयावर येतो. २०२४ ला तर काउंटीचा नकाशा खोटा नव्हता ना? ट्रम्पना देशात मतंही जास्त पडली, ७ कोटी ७३ लाख विरुद्ध ७ कोटी ५० लाख. आता काय म्हणणं आहे?

राजाभाऊ_टेक्सास
बरोबर आहे, आणि हे कसं झालं ते काउंटीतच दिसतं, पण रंगात नाही. आमची स्टार काउंटी बघा, मेक्सिकोच्या सीमेवर, जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक. २०१६ ला हिलरींना तिथे ७९ टक्के. २०२० ला बायडनना ५२. २०२४ ला ट्रम्प जिंकले, १८९२ नंतर पहिल्यांदा तिथे रिपब्लिकन. आता विचार करा, २०२० च्या नकाशात ती काउंटी निळीच होती! पायाखालची वाळू सरकली होती, रंग तोच. ज्यांनी टक्के वाचले त्यांना चार वर्षं आधी कळलं, ज्यांनी रंग बघितला ते २०२४ ला टीव्हीसमोर आ वासून बसले.

मोजपट्टी
न्यूयॉर्कचं ब्राँक्स तर अजून निळंच आहे. पण ट्रम्प तिथे २०१६ ला दहा टक्क्यांच्या आत, २०२० ला सोळा, २०२४ ला सत्तावीसच्या आसपास. नकाशात याचा मागमूस नाही. आणि ताई, तुमच्या न्यू जर्सीत पॅसेइक काउंटी चक्क लाल झाली, १९९२ नंतर पहिल्यांदा. २०२० ला बायडन तुमच्या राज्यात १६ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ ला हॅरिस सहाच्या आत. हे सगळं "न्यू जर्सी निळी" या दोन शब्दांत झाकून जातं.

बोरूबहाद्दर
सडेतोड आणि मोजपट्टी दोघं एकाच बाजूने बोलायला लागलेत, ॲडमिन धाग्याला कुलूप लावा, जग बुडणार.

सडेतोड_७४
मी आधीपासून हेच म्हणत होतो :)

मोजपट्टी
नव्हतात :)

पिंपळपान_एनजे
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाम बीचला त्यांनी कपाळावर हात मारला, ब्लॅक बेल्टला बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले माती परीक्षण खातं मतदानाला जोडायला हवं.
पण खरी गंमत काल झाली. मी त्यांना आमच्या मिडलसेक्स काउंटीच्या क्लार्कची साइट उघडून दिली. तिथे एडिसनचे निकाल केंद्रागणिक आहेत, प्रत्येक डिस्ट्रिक्टला किती मतदार, किती मतं, कुणाला किती. आता डायनिंग टेबलवर फूटपट्टी, दोन रंगांची पेनं आणि माझ्या मुलाची जुनी वही. २०२० आणि २०२४ चे रकाने शेजारी शेजारी आखून बसलेत, कुठल्या गल्लीत फरक किती आटला ते काढतायत. आपल्याकडे पूर्वी मोजणीआधी वेगवेगळ्या बूथच्या मतपत्रिका एकत्र कालवायचे, कुठल्या वस्तीने कुणाला दिलं ते कळू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. यंत्रं आल्यावर बूथवार आकडा उघडा पडला आणि "तुमच्या वाडीने दिली नाहीत, मग रस्ता मागायला कशाला आलात" हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्यामुळे बोरूबहाद्दर, ते लव्हिंगच्या चौघांचं बाबांना फार लागलंय. दोनदा विचारलं, त्यांना कुणी त्रास दिला नाही ना.
आणि चिठ्ठीताई, बाबांचा तुम्हाला प्रश्न आहे. म्हणाले, बाकी सगळं समजलं, पण केंद्रावरच्या माणसांना चहा-नाश्ता कोण देतं?

चिठ्ठीवाली_पेन्सिल्व्हेनिया
काका, आपापला डबा. पहाटे सहाला हजर, रात्री नऊपर्यंत सुटका नाही. मागच्या वेळी मी पोहे नेले होते, दोन्ही पार्ट्यांच्या माणसांनी मिळून संपवले.

झणझणीत_ठेचा
शेंगदाणे होते का त्यात?